मराठी लेखाची रूपे आणि त्यांचा वाचक

१

'अक्षर' म्हणजे जे क्षय पावत नाही ते. लेखनाविषयी आपल्या पूर्वजांच्या मनात जो विश्वास होता, तो या एका शब्दात साठविलेला आहे. बोललेला शब्द वाऱ्याबरोबर जातो, लिहिलेला राहतो. म्हणून दान द्यावयाचे तर ते लिहून द्यावे, कर्ज घ्यावयाचे तर ते लिहून घ्यावे, आणि कीर्ती राहावी असे वाटत असेल तर ती दगडावर कोरावी. हा विश्वास सर्वस्वी खोटा नाही. तथापि त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती म्हणजे वाचणारा. दगड टिकला, कागद टिकला, शाईही टिकली. पण ती अक्षरे ओळखणारा मनुष्य मात्र उरला नाही, तर त्या लेखाला अक्षर म्हणावे की केवळ नक्षी म्हणावे, असा प्रश्न उभा राहतो.

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ग्रंथांची गणना करतो. परंतु कोणत्याही समाजात जे लिहिले जाते, त्यातील ग्रंथांचा भाग अगदी थोडा असतो. शेताच्या सीमेवरचा दानलेख, देवळाच्या भिंतीवरची देणग्यांची यादी, राजाची मुद्रा, कारकुनाचे पत्र, सावकाराची वही, लग्नात दिलेल्या तांब्यावरचे नाव, हे सारे लेखनच होय. ज्यांनी आयुष्यात एकही पोथी उघडली नाही, त्यांच्याही जन्माला या लेखनाने वेढलेले होते. या विविध रूपांकडे लक्ष देऊन पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लेखाचे रूप केवळ साधनावर अवलंबून नसते. दगड, तांबे, कागद यांचा त्यात वाटा आहेच. पण हा लेख कोण वाचील, कोठे उभा राहून वाचील आणि वाचता येत नसेल तर काय करील, याविषयीची लिहिणाऱ्याची जी अपेक्षा, तीच लेखाला त्याचा आकार देते. मराठीतील काही लेख या दृष्टीने पाहावेत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

आरंभ दगडापासून करणे योग्य होईल. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा काळ आहे. शिलाहार राजा केशिदेव याच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीला धान्याचे दान लावून दिले, त्याची ती नोंद आहे. कालाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या मराठी लेखांत त्याला अग्रस्थान दिले जाते. आपल्या भाषेचे आरंभीचे लेखन काव्य नाही, स्तोत्रही नाही. धान्याच्या हिशेबाची ती पक्की नोंद आहे, ही गोष्ट मराठी माणसाने आनंदाने मान्य करावी अशीच आहे.

अशा दानलेखांचा एक विशेष प्रकार कोकणात व देशावर पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्याला 'गधेगाळ' म्हणतात. शिळेच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली दान मोडणाऱ्याला उद्देशून दिलेली शिवी, तीही चित्रात कोरलेली. मुंबईतील परळ येथे सापडलेला शिलाहार अपरादित्याच्या काळचा लेख, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, याच जातीचा आहे. आधुनिक सभ्य वाचकाला त्या चित्राकडे पाहणे अवघड वाटते आणि अभ्यासकही ते ओझरते उल्लेखून पुढे जातात. परंतु लेखाचे शास्त्र म्हणून पाहिले तर ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. मधल्या ओळी वाचणारा गावात एखादाच असणार, हे लिहवून घेणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून त्याने एकच मजकूर दोनदा दिला: एकदा अक्षरांत, जाणत्यासाठी, आणि एकदा चित्रात, इतर सर्वांसाठी. सूर्यचंद्र असेपर्यंत हे दान चालेल, आणि जो ते मोडील त्याची अशी विटंबना होईल, एवढे समजण्यास अक्षरओळख लागत नाही. निरक्षर मनुष्यही त्या दगडाचा वाचकच होता.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेले लेख सर्वांच्या परिचयाचे आहेत. तेथील मराठी ओळींच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चामुंडरायाने मूर्ती करविली हा एकच आशय तेथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत, त्या त्या लिपीच्या वळणाने कोरलेला आहे. कर्नाटकातील त्या टेकडीवर यात्रेकरू कोणकोणत्या मुलखांतून येत, याची जणू ती नोंदच आहे. आज ज्या प्रदेशांत पाटी कोणत्या लिपीत असावी यावरून माणसे एकमेकांवर उठतात, त्यांच्याजवळच एका मूर्तीच्या दोन पायांशी तीन भाषा शतकानुशतके शेजारी राहिल्या आहेत.

याहून निराळा प्रकार पंढरपूरचा. विठ्ठलाच्या देवळातील 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा शके ११९५ पासूनची, म्हणजे १२७३ व त्यापुढील काही वर्षांतली आहे. रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीत विठ्ठलाला कोणी काय दिले याची ती यादी असून हेमाद्री पंडिताचे नावही तीत आहे. देणगीदारांची यादी ही मुळात अगदी व्यावहारिक वस्तू. परंतु पुढील काळात भाविकांनी या शिळेला पाठ लावण्यास आरंभ केला. तसे केल्याने चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत रूढ झाली. डोळ्यांनी वाचण्यासाठी कोरलेला लेख लोक पाठीने वाचू लागले, आणि त्या श्रद्धेनेच अक्षरे झिजू लागली. लिहिणाऱ्याने अपेक्षिलेला वाचक आणि प्रत्यक्षात लाभलेला वाचक यांत केवढे अंतर पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. मात्र लोकांनी ती शिळा टाकून दिली नाही, हेही विसरू नये. जी शिळा कोणाच्याच उपयोगाची राहिली नसती, ती एखाद्या पायरीला किंवा बांधाला लागली असती.

पायरीचा विषय निघाला म्हणून रायगडाचाही उल्लेख करावयास हवा. गडावरील जगदीश्वराच्या मंदिरात एक संस्कृत शिलालेख आहे. हिरोजीने गडावर काय काय बांधले याचे वर्णन करून, हे सारे चंद्रसूर्य असेपर्यंत नांदो, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. त्याच मंदिराच्या पायरीवर, आपण सेवेस तत्पर आहोत एवढेच सांगणारी, हिरोजीच्या नावाची एक लहानशी मराठी ओळ आहे. एकच माणूस, एकच मंदिर, पण लेख दोन. भिंतीवरचा लेख पंडितासाठी आणि काळासाठी. पायरीवरचा लेख देवदर्शनाला येणाऱ्याच्या पायधुळीसाठी. पहिल्याची भाषा संस्कृत आणि दुसऱ्याची मराठी असावी, यात कोणालाही नवल वाटणार नाही. नम्रता मराठीत सांगितली की ती खरी वाटते, असे हिरोजीला वाटले असेल काय, हे सांगता येत नाही. पण आज गडावर जाणारा मनुष्य पहिल्या लेखापेक्षा दुसऱ्यापाशी अधिक वेळ थांबतो, हे खरे.

३

दगडावरचा लेख सर्वांसमोर उघडा असतो. कागदावरच्या लेखाचा संसार याहून निराळा. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या आणि दोन लिप्यांनी त्या वाटून घेतल्या. पोथी बाळबोध लिपीत, आणि कारभार मोडीत.

पोथीच्या लेखनाविषयी समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास खर्च केला आहे. लेखनक्रियेचे असे तपशीलवार निरूपण करावे असे एका संतकवीला वाटावे, हीच मोठी गोष्ट आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर असावे. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या चालाव्यात. पहिले अक्षर जसे, तसेच ग्रंथाचे शेवटचे असावे, एकाच टाकाने एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. यापुढे समर्थ ज्या दोन सूचना देतात त्या विशेष मोलाच्या आहेत. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, ही पहिली. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, ही दुसरी. पहिल्या सूचनेत वाचकाच्या थकणाऱ्या डोळ्यांचा विचार आहे, दुसरीत वाळवीचा आणि काळाचा. समास म्हणजे ज्याला आपण आज ग्रंथनिर्मितीचे शास्त्र म्हणतो त्याचा मराठीतील पहिला पाठ होय, असे म्हणावयास हरकत नाही.

मोडीचा स्वभाव याच्या उलट. परंपरेने तिचा संबंध हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्याशी जोडला जातो. फारसीतील 'शिकस्त' या घसरत्या लेखनपद्धतीच्या नावाचा 'मोडी' हा अनुवाद असावा, असेही एक मत आहे. उगम कोणताही असो, प्रयोजन स्पष्ट होते. आधी कागदभर शिरोरेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू न उचलता अक्षरे एकमेकांत गुंतवीत तिच्याखाली लटकवावयाची. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. लिहून झाले की वर वाळू भुरभुरून कागद पुढे. पोथी लिहिणारा मनुष्य ती शंभर वर्षे वाचली जाईल या अपेक्षेने लिहीत होता. मोडी लिहिणाऱ्याच्या समोर दारात उभा असलेला जासूद होता. चिटणिशी, बिवलकरी अशी वळणे पुढे प्रसिद्ध झाली, तरी त्यांचेही सौंदर्य वेगाचेच सौंदर्य आहे. बाळाजी आवजी चिटणिसाने पत्र लिहावयाचे राहून गेले असता कोऱ्या कागदावरून ते महाराजांना खडाखडा वाचून दाखविले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चिटणिशी म्हणजे काय हे तिच्यात नेमके आले आहे. मजकूर डोक्यात बांधलेला असतो, कागद ही त्याची पुढची पायरी.

हा बांधलेला मजकूर म्हणजे काय, हे जुने पत्र हाती घेतले की दिसते. माथ्यावर 'श्री'. त्यानंतर मायना, आणि मायना म्हणजे नात्याचे व दर्जाचे मोजमापच: 'राजमान्य राजश्री' कोणाला, 'तीर्थरूप' कोणाला, 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' कोणाला, याचे नियम ठरलेले. तिथी चांद्रमासाची असेल तर आधी 'छ' हे एकच अक्षर, आणि वर्ष अरबी संख्यावाचक शब्दांत. अखेरीस 'बहुत काय लिहिणे' आणि मजकूर संपल्याची मोर्तब, जेणेकरून खाली कोणी एक ओळही वाढवू नये. हे सारे नियम शिकविणारी 'मेस्तके' होती. आजचा वाचक या मायन्यांना रिकामा शिष्टाचार समजतो. पण पत्र नेणारा, फोडणारा आणि वाचून दाखविणारा हे तिघेही पुष्कळदा परके असत. मायना मोठ्याने वाचला जाई आणि ऐकणाऱ्या सभेला लिहिणाऱ्याचे व ज्याला लिहिले त्याचे स्थान कळे. पत्र ही दोघांतील खासगी गोष्ट आहे ही कल्पना पुष्कळ अलीकडची. अठराव्या शतकातील पत्र हे अर्धे भाषण असते.

४

सर्वांना कळू नये यासाठीही लेख लिहिले जातात, आणि त्या प्रकारात मराठीने पुष्कळ बुद्धी खर्च केली आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागील कारणाविषयी मते वेगवेगळी असली, तरी परिणामाविषयी मतभेद नाही. लीळाचरित्रासारखे आपल्या गद्याचे आद्य लेणे शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली प्रकाशात आणली, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे जाऊन पुन्हा लिहावा लागला. या पोथ्या पंथाच्या मठांबरोबर पंजाबपर्यंत गेल्या होत्या. लिपीने मजकूर जगापासून लपविला, पण त्याच लिपीने तो परक्या मुलखात निवडक हातांत जपूनही ठेवला.

पानिपतानंतर सावकारी पत्रातून दक्षिणेत आलेली बातमी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ती नोंदविली आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मराठी मुलाला ही ओळ शोकाची म्हणून शिकविली जाते. लेखनाच्या इतिहासात ती आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. येथे लिपी साधीच आहे. गुप्तता आहे ती भाषेच्या प्रकारात. सावकाराच्या वहीची भाषा जिला अंगवळणी पडली होती, त्या समाजालाच एवढ्या मोठ्या दुःखाचा असा हिशेब मांडता आला.

गोमंतकातील गोष्ट याहून वेगळी. तेथे छापखाना १५५६ मध्येच आला होता. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ मध्ये छापून निघाले, ते मात्र रोमी लिपीत. नागरी अक्षरांचे खिळे पाडावयाचे तर जोडाक्षरांसह त्यांची संख्या एवढी होई की ते काम त्या छापखान्याच्या आवाक्याबाहेरचे ठरले. ओवी मराठी, शब्दकळा मराठी, वळण थेट आपल्या पुराणांचे, आणि पोशाख मात्र परका. त्या मूळ छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. काव्य वाचले ते हस्तलिखितांच्या आधारे. पुढे जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ज्या काव्याला छापखान्याने आपल्या लिपीत येऊ दिले नव्हते, त्याला कोणा लेखनिकाच्या हाताने आपल्या लिपीत आणून ठेवले होते.

५

आता ज्यांना कोणी लेख म्हणत नाही अशा लेखांकडे वळू. शिवाजीमहाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे आहेत. शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ, थेट एकोणिसाव्या शतकात, व्यवहारात राहिली. साच्यापेक्षा तांब्याचा तुकडा लहान असल्याने पुष्कळ नाण्यांवर सगळी अक्षरे उमटतच नसत. कोठे 'राजा' गळे, कोठे 'पति' गळे. तरीही बाजारात ती कोणी नाकारली नाही. नाणे कोणी वाचीत नव्हते, ओळखीत होते. पण त्या ओळखीत एका राजाचे नाव दररोज हजारो हातांतून जात होते, आणि कोणत्याही बखरीला एवढे वाचक मिळाले नाहीत.

घरात तांब्यापितळेची भांडी असत तेव्हा त्यांवर नावे घालून घेण्याची रीत होती. ठोक्याठोक्यांनी उमटविलेली ती ठिपक्यांची अक्षरे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील: देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, लग्नाची तिथी किंवा वर्ष. पंगतीला दिलेली भांडी परत ओळखू यावीत हा त्याचा रोकडा उपयोग. परंतु ज्या काळी स्त्रीचे नाव दस्तऐवजात क्वचितच येई, त्या काळी तिचे नाव निश्चितपणे लिहिलेले सापडते ते घागरीवर आणि परातीवर. इतिहासकाराला पुरुषांच्या वंशावळी सनदांतून मिळतात. सासुरवाशिणींची नावे शोधावयाची तर त्याने माळ्यावरची भांडी खाली काढली पाहिजेत. हातावर गोंदवून घेतलेले नाव हा याच जातीचा लेख. तो लिहिणाऱ्याबरोबर जगतो आणि त्याच्याबरोबरच जातो. सावकाराच्या वहीच्या पहिल्या पानावरील 'श्री' आणि 'शुभ लाभ' यांना तर वाचकाची अपेक्षाच नाही. ती अक्षरे देवासाठी आहेत.

६

या साऱ्या रूपांच्या जगात छापखाना आला, आणि आरंभी त्याने जुन्या रूपांचेच अनुकरण केले. श्रीरामपूरच्या विल्यम केरीने आपला १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला. मराठ्यांची चालती लिपी मोडी, तेव्हा मराठ्यांचा कोश मोडीतच असावा, हा त्याचा तर्क सरळ होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. छापण्याच्या शाईत चरबी असते अशी शंका घेणाऱ्या सोवळ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. धार्मिक ग्रंथ छापले गेले तेही आडव्या, सुट्या पानांच्या पोथीच्या आकारात. वाचणारा पाटावर मांडी घालून बसणार, पान उचलून पालथे ठेवणार, हे छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते. यंत्र नवे आले, पण वाचकाची बैठक जुनीच राहिली, म्हणून ग्रंथाचे रूपही जुने राहिले.

मोडीला मात्र छापखाना मानवला नाही. जी लिपी हात न उचलता वाहत जाण्यासाठी जन्मली, तिची अक्षरे सुटी करून खिळ्यांत बसविली की तिचा जीवच जातो. बाळबोधाचे अक्षर मुळातच सुटे आणि उभे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात राणूजी रावजी आरूंसारख्या कारागिराने त्याला असे देखणे रूप दिले की देशभर त्याची वाहवा झाली. शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे, कायदे सारे बाळबोधात निघू लागले. मोडी कचेरीत आणि पेढीवर काही काळ टिकली, शाळेत तिचे धडे गिरविले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेही थांबले. आपल्या शुद्धलेखनाच्या वादाचे एक मूळही या स्थित्यंतरात असावे असे वाटते. शतकानुशतके एका इकाराने आणि एका उकाराने कारभार करणाऱ्या हाताला छापील बाळबोधाने अचानक प्रत्येक ऱ्हस्वदीर्घाचा जाब विचारला. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने अनुच्चारित अनुस्वार काढून टाकून हे ओझे काहीसे हलके केले. वर्गात इकारावर लाल रेघ ओढणाऱ्या शिक्षकाने हे स्मरणात ठेवले, तर ती रेघ थोडी कमी रागाने ओढली जाईल.

या स्थित्यंतराचा आपण फायदाच मोजतो, आणि तो मोठा आहे यात शंका नाही. पण त्याची किंमत काय पडली? पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तरी तो साऱ्याचा अल्पसा अंश होय. आणि पुणे हे एकच ठिकाण नव्हे. होळकर, शिंदे, गायकवाड यांचा कारभार ज्या कागदांवर चालला ते इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आहेत. कोट्यास शिंद्यांचे कमाविसदार म्हणून राहिलेल्या गुळगुळ्यांच्या दप्तराने राजस्थानच्या इतिहासावर प्रकाश पाडला. हे कागद आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे आहेत. त्यांची भाषा आपल्याला समजते, त्यांतील नावे आपल्या आडनावांची आहेत, आणि तरी त्यातली एक ओळ आपल्याला लागत नाही. परक्या राज्याने हे कागद जाळले नाहीत की लुटले नाहीत. आपण फक्त दोन पिढ्या ती लिपी शिकविली नाही.

७

शेवटी तंजावरला जाऊ, कारण या प्रश्नाचे सर्वांत मोठे अक्षर तेथे कोरलेले आहे. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तेथे मराठी राज्य स्थापले. शंभर-सव्वाशे वर्षांनी, १७९९ च्या तहाने, सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला; त्यांच्याकडे उरले ते किल्ल्यापुरते राजेपण. त्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारात भोसले वंशाचा समग्र इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविला. तो लिहिला बाबूराय या त्यांच्या चिटणिसाने. मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेख म्हणून तो ओळखला जातो.

ते मंदिर आधीच लेखांनी भरलेले होते. राजराज चोळाने सुमारे १०१० मध्ये ते पुरे केले, आणि त्याच्या तमिळ लेखांत देवाचे दागिने, दिव्यांसाठी दिलेली जनावरे, चारशे नर्तकींची नावे व त्यांची घरे इतका बारीक हिशेब आहे. सरफोजीराजांनी आपला इतिहास त्या शेजाराला नेऊन ठेवला. तो कोणी वाचावा अशी त्यांची अपेक्षा होती? देवदर्शनाला येणारी प्रजा तमिळ. तिला नागरी अक्षर अपरिचित. कंपनीचा रेसिडेंट वाचील, तर त्याच्यासाठी एवढा दगड झिजविण्याचे कारण नाही. कारभाऱ्यासाठी असता तर तो मोडीत आणि कागदावर झाला असता. राज्य गेलेल्या राजाने चोळाच्या भिंतीवर, परभाषिक मुलखात, बाळबोध मराठीत लिहविले, यावरून एकच निष्कर्ष निघतो. त्याच्या डोळ्यांपुढे जो वाचक होता तो अद्याप जन्मला नव्हता. तो वाचक मराठी जाणणारा असेल, एवढाच विश्वास त्याने धरला.

याच राजाने पुढच्या काही वर्षांत तंजावरला देवनागरी छापखाना घातला आणि 'बाळबोध मुक्तावली' या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. इकडे भिंतीवर हजार वर्षांसाठी लिहावयाचे आणि तिकडे उद्या सकाळच्या मुलासाठी छापावयाचे, ही दोन्ही कामे त्याने एकाच दशकात केली. दगडाचा वाचक पुढे जन्मावयाचा असेल, तर तो आज कोठल्या तरी शाळेत घडवावा लागतो, हे त्याला कळले होते, असे मानल्यास चूक होणार नाही.

महाराष्ट्राबाहेर शतकानुशतके राहिलेल्या आपल्या समाजाला या गोष्टीचा अर्थ अधिक जवळून कळावा. सरस्वती महालातील मोडी दप्तरांची बासने आणि आपल्या माळ्यावरची लाल फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी यांची स्थिती एकच आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. तो दर्जा मागताना जुन्या लेखांचीच साक्ष काढली गेली होती. मोडीला २०१४ मध्ये संगणकाच्या जागतिक लिपिसंकेतात, युनिकोडमध्ये, स्थान मिळाले आहे. साधने आहेत, कागद आहेत. उणीव आहे ती वाचणाऱ्याची, आणि ती उणीव भरून काढणे शिक्षकाच्या हाताबाहेरचे नाही. मोडीची मुळाक्षरे थोड्या आठवड्यांच्या सरावाने येतात. पुढचे काम कित्ता गिरविण्याचे आहे. प्रत्येक परिषदेने वर्षातून एकदा मोडीचा वर्ग चालवावा, आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा एक तरी कागद तेथे आणून वाचून घ्यावा. त्यात राजकारण निघेलच असे नाही. बहुधा बैलाची विक्री निघेल, उसनवारी निघेल, लेकीच्या बाळंतपणाची काळजी निघेल. तरीही तो कागद वाचला जावा. अक्षीच्या लेखातही धान्याचाच हिशेब आहे.